विचारा पैलवानाला : साडेनवाच्या एस.टी.तला डबा

मागच्या अंकात कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानावर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्याची सगळी पत्रं कुस्तीचीच आलीत. एरवी गुडघेदुखी, पोट कमी करणं, जिमला जाऊ का नको असलं विचारणारी माणसं या वेळी थेट हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरलीत. तर उतरूया.

आधीच सांगून टाकतो, मी महाराष्ट्र केसरी वगैरे कुणी नाही. पन्हाळ्याकडच्या एका खेड्यातनं कोल्हापूरच्या तालमीत आलो, अकरा वर्षं राहिलो, जत्रेची मैदानं केली, काही मारली, बरीचशी बरोबरीत सुटली, मग गुडघा गेला. आता चार म्हशी आहेत आणि संध्याकाळी गावातली वीस-बावीस पोरं मातीत घोळवतो. त्यामुळं ही उत्तरं वस्तादाची समजू नका, तालमीत भांडी घासलेल्या माणसाची समजा.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. गावच्या जत्रेत नारळावरची कुस्ती मारली तेव्हापासनं तालमीत जायचं म्हणून हट्ट धरून बसलाय. ह्यांचं म्हणणं, पाठवूया. माझ्या पोटात गोळा येतोय. खर्च किती, शाळेचं काय आणि पुढं यात आहे काय, खरं खरं सांगा.
— एक आई, कागल तालुका

ताई, खरं खरं म्हणालात म्हणून खर्चापासनंच सुरू करतो. तालमीची फी म्हणाल तर नावाला असते, वस्ताद तर पैशाचा विषय तोंडानं काढणार पण नाही. पैसा जातो तो खुराकात. दूध, तूप, बदाम, अंडी, फळं, आठवड्याचं मटण. थंडाई म्हणजे हॉटेलातलं सरबत नव्हं, रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी सोलायचे, खसखस, मगज बी, बडीशेप, काळी मिरी सगळं कुंडीत घालायचं आणि सोट्यानं घोटत बसायचं, बोटाला रवाळ लागलं तर परत घोटायचं, मग ते दुधात. मी भरात होतो तेव्हा रोजचे शंभर बदाम जायचे. तुम्ही बाजारात जाऊन बदामाचा आजचा भाव विचारा आणि तिथंच उभं राहून महिन्याचा हिशोब करा, ह्यांनाही सोबत न्या.

माझं सांगतो. आमच्या गावची एस.टी. सकाळी साडेनवाला रंकाळा स्टँडवर लागायची, त्यात कंडक्टरच्या सीटखाली माझा डबा असायचा. दुधाची अ‍ॅल्युमिनियमची किटली आणि एक स्टीलचा डबा, झाकण उघडू नये म्हणून आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली, डब्यावर तांबड्या रंगात नुसतं 'पै.' लिहिलेलं, पुढं नाव नाही, कारण त्या वेळी गावातनं कोल्हापुरात राहिलेला पैलवान मी एकटाच. सकाळची लढत, म्हणजे तालमीतला सराव, संपली की अंगावरची माती तशीच, वर शर्ट अडकवून सायकल मारत स्टँडवर. एक दिवस डबा आला, किटली नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. कंडक्टर म्हणाला, "दिलीच न्हाई म्हातारीनं." चौथ्या दिवशी वडील स्वतः तालमीत आले, बंडीच्या आतल्या खिशातनं बदामाचे पैसे काढून दिले आणि चप्पल घालता घालता म्हणाले, म्हस इकली. म्हणजे बघा, बदामाला पैसे नव्हते म्हणून म्हैस विकली आणि म्हैस विकली म्हणून त्या बदामावर प्यायचं दूध बंद. पुढचे दोन महिने मी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर उधारीनं प्यायलो, तिथं म्हैस समोर पिळून पेला हातात देतात, एका गवळीमामानं माझ्या नावावर भिंतीला कोळशानं रेघा ओढल्या होत्या.

हे घाबरवायला लिहीत नाही. खुराक घरातनं येतो, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातनं येतो, हे आधी माहीत असलेलं बरं. पोराला एक बहीण असेल तर तिच्या वाटणीचं दूध कुठं जातंय तेवढं बघत राहा.

आता शाळा. अकरावं वर्ष शिकायला एकदम योग्य पण मुक्कामी ठेवायला लवकर. कागलात किंवा जवळपास संध्याकाळी जाऊन येता येईल असा आखाडा बघा. दोन-तीन वर्षं जोर, बैठका, सपाटे, दोर चढणं, मानेची मेहनत, पट काढणं म्हणजे पाय धरून पाडणं, एवढं होऊ दे, शाळा सुटता कामा नये. चौदा-पंधराला वस्तादच सांगतील पोरगं ठेवायचं का माघारी न्यायचं. चांगला वस्ताद तोंडावर सांगतो, वाईट ठेवून घेतो. आमच्या तालमीत माझ्या बरोबरीचे तीस-एक जण होते, त्यातली निम्मी दहावीला बसलीच नाहीत आणि नंतर भरतीच्या फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून पेन चघळत बसली.

पुढं काय, तर राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस, रेल्वे, लष्कर इकडं पैलवान घेतातही. पण त्याला मान्यता असलेल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट लागतं, जत्रेतला फेटा आणि ढाल कुणी विचारत नाही. तेव्हा पोराला शालेय स्पर्धा, जिल्हा, राज्य यात उतरवतात का, हे तालीम निवडताना पहिलं विचारा. जत्रेत पैसे मिळतात ओ, हिवाळ्यापासनं पाऊस पडेस्तोवर हंगाम चालतो, पण तो पैसा परत बदामातच जातो.

प्रश्न : ऑफिसात पैज लागली आहे. खाशाबा जाधव कोल्हापूरचे की साताऱ्याचे? हरणाऱ्यानं सगळ्या सेक्शनला मिसळ द्यायची आहे.
— दोन मित्र, एक कराडचा, एक कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला

मिसळीचं बिल निम्मं-निम्मं करा. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, गोळेश्वरचा, म्हणजे कराड तालुका, सातारा जिल्हा. वडील दादासाहेब पण पैलवान. तेव्हा मूळ माती साताऱ्याची. पण शिकले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आणि ऑलिंपिकची वाट त्यांना कोल्हापूरनं दाखवली. १९४८ ला लंडनला गेले तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीतला पोरगा, मॅटची सवय नाही, तरी फ्लायवेटमध्ये सहावा आला.

पुढच्या खेपेला १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसेच नव्हते. गावानं वर्गणी काढली, दुकानदारांनी दिलं, तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. ही गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना पाठ आहे, भाषणात तर हमखास येते, पण जरा थांबून विचार करा, प्राध्यापक माणूस, १९५२ सालचे सात हजार, आणि पोरगं जिंकेल याची खात्री काय, काहीच नाही. घरी बायकोला काय सांगितलं असेल हे मला कायम विचारावंसं वाटतं.

खाशाबांनी बँटमवेटला ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाली, तोच गोल्डचा मानकरी, आणि ती संपते न संपते तोवर रशियाच्या मामेदबेयोव्हबरोबर उतरायला लावलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण ते सांगायला जवळ आपला एकही पदाधिकारी नव्हता. दमलेला माणूस, हरला. तिथं कुणीतरी नुसतं हात वर करून थांबा म्हणालं असतं तर पदकाचा रंग बदलला असता असं मला तरी वाटतं. मैदानात पैलवानाबरोबर एक बोलणारा माणूस लागतोच, म्हणून आमचे वस्ताद तोंडाळ गडी कायम बरोबर न्यायचे.

परत आले तेव्हा कराडपासनं गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं, तर कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, स्वतः लढले आणि त्या पैशातनं खर्डेकरांचं घर सोडवलं. १९५५ ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले, बढतीची वाट बघत वर्षं काढली, १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. त्यांच्या नंतरचं वैयक्तिक पदक थेट १९९६ ला, तेही टेनिसमध्ये, आणि कुस्तीतलं यायला २००८ उजाडलं. आता त्यांचा वाढदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून करतात, हे चांगलं झालं.

आणि शुक्रवार पेठेतल्या मित्राला एक टोला. कोल्हापूरचे म्हणून आपण मिरवतो ती निम्मी नावं बाहेरनं आलेली आहेत. पहिले हिंद केसरी, १९५९ चे, श्रीपती खंचनाळे एकसंब्याचे, म्हणजे आता कर्नाटकात. गणपतराव आंदळकर शिराळ्याकडच्या पुनवतचे. हरिश्चंद्र बिराजदार पार लातूरकडचे, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत येऊन तयार झाले. सिकंदर शेखही सोलापूर जिल्ह्यातला, तालीम तीच गंगावेश. २०२२ ला पृथ्वीराज पाटीलनं महाराष्ट्र केसरी मारली तेव्हा कोल्हापूर जिल्ह्याच्या पोराच्या खांद्यावर दोन दशकांनी गदा आली होती, म्हणून त्या दिवशी एवढा गुलाल उडाला. कोल्हापूर पैलवान पोसतं, जन्म कुठंही होऊ दे.

प्रश्न : मामा, मी नववीत आहे. टीव्हीवरची रेसलिंग खोटी असते असं पप्पा म्हणतात. मग त्यांना लागतं ते कसं? आणि आपल्या जत्रेत पण फिक्सिंग असतं का?
— इचलकरंजीहून

भाच्या, पप्पा बरोबर आहेत पण पुरते नाही. कोण जिंकणार हे तिथं आधी ठरलेलं असतं, ते लपवत पण नाहीत, १९८९ ला अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीच्या माणसांनी सरकारपुढं स्वतःच सांगितलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे, कारण खेळ म्हटलं की सरकारी नियम आणि कर मागं लागतात. पण रिंगच्या त्या कापडाखाली फळ्या आणि लोखंड असतंय, त्यावर सव्वाशे किलोचा माणूस पाठीवर पडला की लागतंच, ठरवून पडला तरी पाठ काय ठरवून दुखत नाही. आपला खली, दलीपसिंग राणा, पंजाब पोलिसातनं तिकडं गेला आणि २००७ ला त्यांचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. ती नटाची आणि कसरतपटूची मिळून एक नोकरी समज, वर्षभर गावोगाव फिरायचं, दुखणं अंगावर काढायचं. त्या लोकांना नावं ठेवायला मला जमत नाही.

पूर्वी पैसे लावून होणाऱ्या खऱ्या कुस्त्याही विलायतेत होत्या. गामा पैलवान १९१० ला लंडनला गेला, तिथं पोलंडचा झ्बिस्को त्याच्यासमोर आला आणि पोटावर पालथा पडून राहिला, अडीच तास! उचलून देईना, वळून देईना. कुस्ती सुटली बरोबरीत, पुढच्या शनिवारी परत धरायची ठरली तर गडी आलाच नाही, पट्टा गामाला. मग १९२८ ला पतियाळात परत गाठ पडली, मिनिटभराच्या आत निकाल.

आता तुझा दुसरा प्रश्न, जरा अडचणीचा आहे. आपल्याकडं त्याला नुरा कुस्ती म्हणतात. आहे. दोन पैलवान आधीच बोलतात, वीस मिनिटं नुसती खडाखडी करतात, मानेवर हात, मनगट धर, सोड, परत मानेवर हात, पंच ओरडतोय लढा लढा, हलगीवाल्याचे हात दुखायला लागतात आणि शेवटी बरोबरी. पैसे दोघांना. पण गावकरी काय खुळे नाहीत, दहाव्या मिनिटाला मागनं आवाज येतो, "चहा सांगू का दोघास्नी?" म्हणून तर जाहिरातीत जाडजूड अक्षरात निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान असं छापतात. मी स्वतः केली का? एकदा. ताप होता आणि घेतलेली रक्कम खर्चून बसलो होतो. पप्पांना सांगू नको.

प्रश्न : मुलीला पाहायला आलेला मुलगा सगळ्या बाजूनं चांगला आहे, पोलिसात आहे, पण दोन्ही कान चुरगळलेले आहेत. आमच्या आईला तो काहीतरी रोग वाटतोय. पसरेल का?
— एक वडील, सांगली

दादा, पसरत नाही, हसून हसून दमलो. मातीत डोकं घासून, दुसऱ्याच्या बगलेत मान अडकून कानाच्या पाळीत रक्त साकळतं, कुर्चेचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथं घट्ट गाठ बसते. पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरकडनं ते रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो, पण आमच्या वेळी कान मोडला की पेढे वाटायचे, डॉक्टरकडं कोण जातोय. आजीला सांगा, मोडलेला कान म्हणजे पोरगं निदान पाच-सात वर्षं पहाटे चारला उठलंय. मात्र लग्नाआधी जेवायला एकदा नक्की बोलवा, का ते पुढच्या प्रश्नात कळेल.

प्रश्न : आमच्या ह्यांनी कुस्ती सोडून नऊ वर्षं झाली. दूध दोन लिटर तसंच, तूप तसंच, मटणाचा वाटा तसाच. वजन १२८ आहे, साखर निघाली आहे. बोललं की म्हणतात पैलवानाच्या घरात खाणं मोजत नाहीत. काय करू?
— नाव नको

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी स्वतः सोडल्यावर पहिल्या दीड वर्षात बावीस किलो चढलो होतो.

हजार बैठका आणि त्यावर लढत करणाऱ्या अंगाला ते दूध-तूप लागतं, जळून जातं. मेहनत थांबते त्या दिवशी भूक काही थांबत नाही, पोट ताणलेलं असतं आणि मन त्याहून जास्त. शिवाय ह्यांना चौकात अजून पैलवान म्हणूनच हाक मारतात, लग्नात पंगतीला बसलं की वाढपी मुद्दाम दोन वाट्या जास्त वाढतो, खाल्लं नाही तर लोक म्हणतात पैलवान बसला वाटतं. तो टोमणा चुकवायला माणूस खातो. माझंही तेच व्हायचं, एकदा मेहुण्याच्या लग्नात एकोणीस जिलब्या खाल्ल्या त्या जिलबीची हौस म्हणून नाही, समोर चार माणसं मोजत होती म्हणून.

मला फरक पडला तो असा. कुणी 'कमी खा' म्हणालं की मी चिडायचो. मग आमच्या जुन्या वस्तादांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, खुराक मेहनतीचा असतो, माणसाचा नसतो, आज किती जोर मारलेस ते सांग आणि तेवढंच पी. वस्तादांचं ऐकलं, बायकोचं सहा महिने ऐकलं नव्हतं. तर तुम्ही बोलून फार होणार नाही, त्यांचे वस्ताद असतील तर त्यांच्या कानावर घाला, नसतील तर जोडीदार पैलवान कुणीतरी बघा. डॉक्टरकडं न्याच, साखरेच्या गोळ्या घरच्या घरी सुरू-बंद करू देऊ नका. दूध एकदम तोडू नका, दोन लिटरचं अर्ध्यावर यायला आम्हाला वर्ष लागलं. थंडाई मात्र सणाला. आणि जमलं तर त्यांना गावातल्या आखाड्यात पोरं शिकवायला बसवा. कडेला उभं राहून ओरडणाऱ्यानंही शेवटी लंगोट लावावाच लागतो, पोरं खेचतात आत.

गुडघ्यावर बैठका आता नकोत. १२८ किलोवर चालणं, बसून मुदगलांची जोडी फिरवणं, एवढंच आधी.

प्रश्न : आमच्या कॉलेजची पोरं मातीत कुणालाही ऐकत नाहीत आणि विद्यापीठाच्या मॅटवर सहा मिनिटांत गुणांवर हरून येतात. माती बंद करावी का?
— क्रीडा शिक्षक, गडहिंग्लज

सर, माती बंद केली तर पोरंच येणार नाहीत, माती त्यांना गावातनं खेचून आणते. पण तुमची अडचण खरी आहे. आमच्या लाल मातीत हळद, तेल, ताक, लिंबू पडलेलं असतं, ती अंगाला धरते, पाय जड पडतो, कुस्ती सावकाश पिकते. खाली गेलेला पैलवान, वरच्यानं हप्ता, म्हणजे जखडून टाकणारी पकड, भरून घेतला तरी घाबरत नाही, श्वास घेतो, वाट बघतो, कारण पाठ लागेपर्यंत तो हरलेला नाही. मॅटवर तीच विश्रांती महागात पडते. तीन-तीन मिनिटांचे दोन राऊंड, मध्ये अर्धा मिनिट. पट काढून खाली नेलं की दोन गुण, रिंगणाबाहेर पाय गेला की एक, फ्रीस्टाईलला दहाचा फरक पडला की कुस्ती संपली. आपली पोरं पहिली दोन मिनिटं अंदाज घेण्यात घालवतात, तोवर हरियाणाचं पोरगं दोनदा पायात घुसून आलेलं असतं.

तरी मातीवाला मॅटवर चालत नाही हे मी मान्य करणार नाही. १९६२ च्या जकार्ता एशियाडला मारुती माने आणि गणपतराव आंदळकर दोघांनी गोल्ड आणलं, बिराजदारांनी १९७० ला एडिंबराच्या कॉमनवेल्थला गोल्ड, दादू चौगुल्यांनी १९७४ ला सिल्व्हर. सगळी मातीत रगडलेली माणसं. फक्त त्यांनी मॅटला मॅटसारखं शिकून घेतलं. महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हीकडचे विजेते शेवटी गदेसाठी एकमेकांना भिडतात. तुम्ही आठवड्याचे चार दिवस मॅट ठेवा, बूट घालून, घड्याळ लावून, आणि दोन दिवस माती. पाय पळायला लागले की बाकीचं अंगात आहेच. एकलांगी, ढाक, कलाजंग हे डाव मॅटवर पण बसतात, वेळेत मारले तर.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, कुस्ती करायची म्हणते. भावकी हसतेय.
— मुरगूडजवळून

मुरगूडजवळ राहता आणि हे मला विचारताय? तुमच्याच गावाशेजारी पोरी मॅटवर घाम गाळतायत, एकदा घेऊन जा, बाकी ती स्वतः बघेल. ऑलिंपिकला बायकांची कुस्ती २००४ पासनं आहे, साक्षी मलिकनं २०१६ ला ब्राँझ आणलं, आणि महिला महाराष्ट्र केसरीची पहिली गदा २०२३ ला सांगलीत प्रतीक्षा बागडीनं उचलली, ती पण सांगलीचीच. फक्त एक बघा, शिकवणारी बाई असेल किंवा निदान मुलींची वेगळी बॅच असेल तिथंच घाला, आणि तिच्या भावाला जेवढं दूध तेवढंच तिला. भावकीचं हसणं पहिल्या मेडलला बंद होतं, मग तीच माणसं फोटोत पुढं येऊन उभी राहतात. त्यांनाही उभं राहू द्या.

प्रश्न : खासबाग मैदान शाहू महाराजांनी रोमचं बघून बांधलं असं तुम्ही लिहिलंत. पण तिथं नेमकं असं काय आहे की सगळे एवढं कौतुक करतात? मला तर साधं दगडी मैदान वाटलं.
— मुंबईहून, कोल्हापूरची सून

रिकामं बघितलंत म्हणून. १९०२ ला महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचा जुना आखाडा बघितला आणि इथं १९१२ ला खासबाग उभं राहिलं. त्याची मजा अशी आहे की ते वाटीसारखं आहे, हौदा मध्ये आणि चारी बाजूंनी बैठक चढत जाते, पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येत नाही. शेवटच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यालाही खाली पैलवानाचा अंगठा मातीत रुतलेला दिसतो. आणि आवाज. तुम्ही हौद्यात उभं राहून शड्डू ठोकला की तो आवाज सगळीकडनं फिरून तुमच्याच अंगावर येतो, पहिल्यांदा मी दचकलो होतो. पुढच्या वेळी मैदान असेल तेव्हा या, सासूबाईंना घेऊन, त्यांना डाव माहीत असतील बघा.

प्रश्न : पैलवान, तुमची शेवटची कुस्ती कुठली?
— वारणेकाठचा एक जुना वाचक

हे कुणी विचारू नये असं वाटत होतं, विचारलंत तर सांगतो. वारणेकाठच्याच एका गावची जत्रा, गाव सांगत नाही, तिथले लोक चांगले आहेत, कमिटी तेवढी नव्हती. चार नंबरची कुस्ती माझी. चौदा-पंधरा मिनिटं झाली असतील, मी घिस्सा डाव मारायला बसलो, पाय मातीत तसाच राहिला आणि अंग फिरलं. आवाज मला आला, पब्लिकला आला की नाही माहीत नाही. समोरचा गडी भला, त्यानं चित केलं नाही, मला सोडून पंचाला हात केला. ठरलेल्या पैशातले निम्मे हातात ठेवले कमिटीनं, म्हणाले निकाल कुठं लागला. जोडीदारानं जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, पुढं ऑपरेशन, पुढं सहा महिने काठी.

त्या रात्री घरी कळवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेनवाला रंकाळा स्टँडवर आमची एस.टी. लागली, कंडक्टरनं अर्धा तास वाट बघितली आणि डबा, किटली दोन्ही तालमीत आणून दिलं. तोवर वडिलांनी दुसरी म्हैस घेतली होती. दूध पोरांनी वाटून प्यायलं.